दर्शना सिस्टर कुठे राहणार?

दर्शना घाडीगावकरची नोकरी गेली त्याच दिवशी तिचं घरही गेलं, आणि या दोन्ही गोष्टी तिला एकाच वाक्यात सांगण्यात आल्या.

लालबागला आमच्या गल्लीच्या टोकाला सुभद्राबाई प्रसूतिगृहाची दुमजली इमारत होती. माझी दोन्ही बाळंतपणं तिथलीच, आणि दोन्ही वेळी उशाशी दर्शनाच होती. पहिल्या वेळी मी हातपाय झाडायला लागले तेव्हा म्हणाली होती, "मला शिव्या घाल, नवऱ्याला घाल, पण श्वास धरून ठेवू नकोस." वीसेक वर्षं तिने तिथली लेबर रूम सांभाळली. बाळं काही वेळ बघून येत नाहीत, सिस्टर हाकेच्या अंतरावर हवी, म्हणून ट्रस्टने इमारतीच्या मागच्या अंगाला तिला दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं होतं. तिथे ती, नवरा स्वप्नील, सासू गंगुबाई आणि दहावीतली मुलगी जुई अशी चौघं राहायची. स्वप्नील एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो. लालबाग-परळमध्ये त्याची बांधलेली गिऱ्हाइकं आहेत. पण घर चालायचं ते दर्शनाच्या पगारावर. हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, फक्त घाडीगावकरांच्या घरात ते कुणी बोलून दाखवायचं नाही.

मागच्या वर्षी ट्रस्टींनी सगळ्या स्टाफला खालच्या ओपीडीत बोलावलं. खुर्च्या मांडल्या होत्या, समोसे मागवले होते. मुख्य ट्रस्टी मनमोहनराव गिरगावचे, जुन्या खानदानी घरातले. प्रसूतिगृहाला नाव होतं ते त्यांच्याच आजीचं. ते अगदी मऊ आवाजात बोलले. ही जागा आता एका मोठ्या हॉस्पिटलबरोबर मिळून नव्याने बांधायची आहे, तेव्हा महिनाअखेर प्रसूतिगृह बंद होईल आणि मागची क्वार्टर्स रिकामी करावी लागतील. "आपण इतकी वर्षं एक कुटुंब म्हणून राहिलो," ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही समजून घ्याल."

दर्शना उठून उभी राहिली. "सर, नव्या हॉस्पिटलमध्ये आम्हाला घेणार का?"

"त्यांची स्वतःची भरती असते, सिस्टर. आपण शिफारस करू."

"आणि कागदोपत्री आम्ही कोण? पर्मनंट की कंत्राटी?"

मनमोहनरावांनी शेजारी बसलेल्या ट्रस्टच्या वकिलाकडे बघितलं. वकिलाने समोशाच्या प्लेटकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मधल्या कुठल्याशा वर्षी या सगळ्या बायकांना गुपचूप एका एजन्सीच्या नावावर टाकलं होतं. पगार त्याच दिवशी यायचा, त्याच बँकेत यायचा, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ज्या बाईने गल्लीतली अर्धी पोरं या जगात आणली, ती ट्रस्टच्या हिशेबी तिथे कधी नोकरीला नव्हतीच!

मला हे सांगताना आजही संताप येतो. पण खरा संताप पुढे आहे.

त्या रविवारी बदलापूरहून तिचे मोठे दीर आले. हे वैभवभावोजी बँकेतून लवकर निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून सगळ्यांना सल्ले देण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. मी तिथे जुईची पुस्तकं पोचवायला गेले होते, तर गंगुबाईंनीच मला बसवून घेतलं. खोलीत कुठे राहायला जायचं याची चर्चा सुरू झाली. दर्शना बोलायला तोंड उघडणार तोच भावोजी म्हणाले, "दर्शना, आधी चहा ठेव बघू. डोकं चालत नाही चहाशिवाय."

ती आत गेली. बाहेर भावोजींनी भराभर निकाल लावला. मुंबईत आता परवडायचं नाही. कणकवलीच्या बाजूला गावात घर आहे, पावसात नीट लक्ष द्यायला तिथे कुणी नाही. आईचे गुडघे गेलेत, साखर आहे, तिच्याजवळ माणूस हवं. स्वप्नीलला तिकडेही कामं मिळतील, हल्ली गावातही एसी आहेत. जुई तिथल्या शाळेत जाईल. स्वप्नील नुसता मान हलवत होता. त्याचा स्वभावच असा, समोर जो बोलेल त्याचं त्याला पटतं. गंगुबाईही मालवणीत त्यांचीच री ओढत म्हणाल्या, "घर आसा, माड आसत. हयसर काय ठेवलाहा?"

दर्शना ट्रे घेऊन बाहेर आली तर भावोजी हसतमुखाने म्हणाले, "चला, ठरलं. गावाला."

"कुणाचं ठरलं?" तिने विचारलं.

"अगं, सगळ्यांचंच. तुझ्याच भल्यासाठी."

तिने ट्रे खाली ठेवला. कप कुणाला दिला नाही. "भावोजी, नोकरी माझी गेली. खोली माझ्या नोकरीची होती. आणि चहा ओतून होईपर्यंत माझं गाव ठरवून मोकळे झालात तुम्ही? मी आत होते, मेले नव्हते."

"आवाज चढवायची गरज नाही."

"आहे. हळू बोलले तर तुम्ही चहा मागता."

भावोजी चहा न घेताच गेले. स्वप्नील दोन दिवस तिच्याशी तुटक वागला. मोठ्या माणसाशी असं बोलतात का, वगैरे. दर्शना मला म्हणाली, "त्यांना घराला राखणदार हवाय आणि आईंना नर्स. फुकटात. आईंचं मी आजवर करतेच आहे, त्याला माझी ना नाही. पण मी काय करणार, मुलीच्या दहावीचं काय, हे एकाने तरी विचारलं का?"

त्याच आठवड्यात मनमोहनरावांचा फोन आला. गिरगावात त्यांच्या वाडीत तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे, येऊन बघून जा. स्वप्नील हरखलाच. "गिरगाव, दर्शू! चर्नी रोड स्टेशनपासून चालत! अशी जागा आपल्याला स्वप्नात तरी मिळेल का?" संध्याकाळपर्यंत त्याने चार गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं.

दर्शना एकटी गेली. तिथे काय झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगतानाही तिचा चेहरा लाल झाला होता.

खोली जिन्याखाली होती. खिडकी एक, तीही गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी. संडास वाडीच्या टोकाला. मनमोहनराव तिला वर घेऊन गेले. पलंगावर त्यांची आई, नलूताई, नव्वदीच्या आसपासच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. "आईला चोवीस तास कुणीतरी अनुभवी लागतं," मनमोहनराव म्हणाले. "नर्सिंग ब्युरोच्या मुली टिकत नाहीत. तुमची अडचण समजली आणि मला हे सुचलं. दोघांचीही सोय होईल."

"पगार?"

"गिरगावात जागा देतोय ना, सिस्टर! तोच मोबदला समजा. तुमच्या सासूबाईंना मात्र दुसरीकडे ठेवावं लागेल, खोलीत तिघंच बरी. आणि मुलगी मोठी आहे ना? शाळेतून आली की तीही वर येऊन थोडी मदत करेल."

दर्शना म्हणाली, "जुईचा विषय त्याच्या तोंडून निघाला आणि माझ्या कानात नुसतं गरम झालं." पण ती लगेच काही बोलली नाही, कारण नलूताई कण्हल्या. तिने विचारलं, "आजी, पाठ दुखते का?" कुशीवर वळवून बघितलं तर कमरेखाली जखम. झोपून झोपून झालेली, आणि वर कुणीतरी नुसती पावडर फासलेली. तिने नलूताईंच्या सुनेकडून गरम पाणी, कापूस, जे मिळेल ते मागवलं. जखम साफ केली, पट्टी केली, दोन्ही बाजूंना उशा कशा लावायच्या आणि दर थोड्या वेळाने कूस कशी बदलायची ते सुनेला करून दाखवलं. नलूताईंनी तिचा हात धरून ठेवला. "तू येणार ना गं?" त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंच्या प्रसूतिगृहातली ना तू? मनमोहन म्हणतो, नवीन इमारतीत लॉबीला त्यांचं नाव देणार आहेत."

त्या म्हातारीवर काय रागवायचं! "डॉक्टरांना आजच बोलवायला सांगते, आजी," एवढंच दर्शना म्हणाली आणि हात सोडवून बाहेर आली.

बाहेरच्या खोलीत मात्र ती थांबली. "सर, आईंना आज डॉक्टरांना दाखवा, जखम खोल जातेय. आणि मी येणार नाही."

मनमोहनरावांना खरंच आश्चर्य वाटलं. "घाईत नको ठरवू. बाहेर भाडी काय आहेत माहीत आहेत ना?"

"अहो-जाहो करत होतात इतका वेळ, तेच चालू ठेवा. माझं घर तुम्ही काढून घेतलंत, म्हणून मला घर लागतंय. आता ते जिन्याखालचं दाखवून मला आणि माझ्या मुलीला बिनपगारी ठेवताय. घरकामाच्या बाईलाही पगार असतो, सर. सुट्टी असते."

"मी मदत करत होतो."

"आईसाठी नर्स ठेवा, तिला नीट पगार द्या. ती झाली मदत."

घरी स्वप्नीलने कपाळावर हात मारला. गिरगावची खोली नाही म्हणाली! त्या दिवशी त्यांचं भांडण आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू आलं. "जिथे जाईन तिथे माझ्या आधी कुणाची तरी खाट टाकलेली असते," दर्शना ओरडत होती. "गावाला खाट, गिरगावात खाट. मी राहायचं कुठे ते सांग! तू नवरा आहेस ना? एकदा तरी तू विचार, दर्शू, तुला कुठे राहायचंय?"

मग स्वप्नील खालच्या आवाजात काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून दोघं मिळून खोल्या बघायला बाहेर पडायला लागली.

आणि एक गोष्ट भांडणाच्याच दिवशी घडली, जिचा कुणालाच अंदाज नव्हता. गंगुबाई जुईला म्हणाल्या, "माका गावाक जावचा नाय. थय डॉक्टर खय आसा? वैभवान सांगल्यान, म्हणान मी बोललंय." म्हणजे त्या म्हातारीलाही कुणी विचारलं नव्हतं! मुलाने जे पढवलं ते तिने म्हणून दाखवलं होतं. दर्शनाने ते ऐकलं तेव्हा तिला आधी हसू आलं, आणि मग ती जास्तच चिडली.

चिंचपोकळीची एक खोली जवळजवळ नक्की झाली होती. मालकाने सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाला, नोकरी नसलेल्या बाईच्या नावावर करार नको, नवऱ्याच्या नावावर करा, आणि नवऱ्याचा तरी पक्का पगार कुठे आहे? परळला तर दलालाने फोन घेणंच बंद केलं. महिना संपत आला. ट्रस्टने क्वार्टर्सचं पाणी दिवसातून एकदाच सोडायला सुरुवात केली. उघड धमकी नाही, काही नाही, नुसता नळ कोरडा.

शेवटी रे रोडची जागा मिळाली. वैदेही नावाच्या एका मुलीचं बाळंतपण दर्शनाने केलं होतं. वैदेहीच्या सासऱ्यांची तिथे लाकडाची वखार, आणि वखारीच्या मागच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दिवसभर करवतीचा आवाज, दोरीवरच्या कपड्यांवर भुसा. पण नळ आत, संडास आत, करार दर्शनाच्या नावावर. जुईची शाळा बदलायला नको, स्वप्नीलची गिऱ्हाइकं स्कूटरवरून सांभाळता येतात. दर्शना दारात उभी राहून म्हणाली, "इथे."

भावोजींचा फोन आला. "रे रोड? गोदीजवळ? तिथे घरंदाज माणसं राहतात का?"

"आम्ही राहायला जातोय," या वेळी फोन स्वप्नीलने घेतला होता. "दर्शूने बघितलीय जागा. तुम्ही या कधीतरी." आणि त्याने स्वतःहून फोन ठेवला. दर्शना म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला दादाचा फोन आधी ठेवताना मी पहिल्यांदा बघितलं.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. माझगावच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये तिला काम मिळालं. आधीपेक्षा खालच्या जागेवर, दुपारच्या पाळीत. कालच पास झालेली पोरं तिला ग्लोव्हज आणायला पाठवतात. ती आणते, पण चुकलं तिथे तोंडावर सांगते, त्यामुळे तिथे ती फारशी लाडकी नाही. भुशाने गंगुबाईंना खोकला झाला, मग खिडकीला जाळी बसवावी लागली. जुईला सुरुवातीला मैत्रिणींना पत्ता सांगायची लाज वाटायची. दर्शनाने तिला समजावलं नाही, रागावली. "लाज मनमोहनरावांना वाटायला हवी. तुला कशाला?"

आणि एजन्सीच्या त्या घोळाबद्दल लेबर ऑफिसात तिने ट्रस्टवर केस टाकली. आधी एकटीनेच. मग बाकीच्या सिस्टर्स आणि आया एकेक करून आल्या. ट्रस्टने मधे एकदा तिला एकटीला बोलावून काही देऊ केलं, बाकीच्यांना सांगू नकोस म्हणून. तिने तिथून बाहेर येऊन पहिला फोन बाकीच्यांनाच केला.

मागच्या तारखेला मीही तिच्याबरोबर गेले होते. दुपार होत आली तरी ट्रस्टचा वकील आला नाही. निरोप आला, तब्येत बरी नाही. बाकावर बसलेल्या बायका हताश झाल्या, एक आया तर डबा उघडून खायलाच बसली. दर्शना तेवढी उभी होती. अधिकारी बाईंनी कॅलेंडर उलटवलं आणि पुढची तारीख सांगायला वर बघितलं.

"सकाळची द्या, मॅडम," दर्शना म्हणाली. "दुपारी माझी ड्युटी असते. आणि त्यांना सांगा, तब्येत बरी नसेल तर दुसरा वकील पाठवा. मी येत राहणार आहे."