दादाची पावलं, माझं बक्षीस

तुयेच्या कारखान्यात सर्वांत जास्त चालणारा कामगार म्हणून मला तीनदा बक्षीस मिळालं. मी काम बसून करतो. चहासुद्धा जागेवर मागवतो.

चालायचा तो माझा थोरला भाऊ. लाटंबार्से गावातली आमची काजूबाग तोच बघतो. सकाळपासून डोंगर चढायचा, काजूची बोंडं वेचायची, रसासाठी पायांनी तुडवायची. कारखान्यानं पहिल्यांदा चालण्याची स्पर्धा लावली तेव्हा कमरेला अडकवायची एक डबी दिली होती. तिला फक्त पावलं कळत. कोणाची, ते कळत नसे. मी ती दादाच्या कमरेला लावली. तो हसून म्हणाला, आजवर फुकट चाललो, आता तुझ्यासाठी चालतो. बक्षीस घेताना मला चालण्याच्या महत्त्वावर बोलायला लावलं. तीन पायऱ्या चढून मला धाप लागली होती. लोकांना वाटलं, गहिवरून आलं.

पुढे मनगटावरचा पट्टा आला, तोही दादालाच बांधला. तो नाडीही मोजायचा. माझं हृदय पंचविशीतल्या पोराचं निघालं, म्हणून मी भात आणखी एकदा वाढून घेतला.

तिसऱ्या खेपेचं घड्याळ जास्तच शहाणं. ठोके चुकले तरी ओळखायचं. दर रविवारी लाटंबार्शाला जाऊन मी ते फोनला जोडायचो. एका रविवारी फोनवर लाल अक्षरं आली: ठोके अनियमित, डॉक्टरांना भेटा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दादा समोरच बसला होता, घामानं निथळत. बोंडं तुडवून माणूस दमणारच, असं मी ठरवून टाकलं. स्पर्धेचे आठच दिवस उरले होते, आणि डॉक्टरांकडे नेलं असतं तर त्यांनी त्याला आधी झोपवलंच असतं. मी सूचना बंद केल्या. एक बटण दाबावं लागतं, बस.

बक्षीस मिळालं त्याच आठवड्यात दादा बागेत कोसळला. डॉक्टर म्हणाले, ठोके बिघडून रक्ताची गाठ मेंदूत गेली. जीव वाचला, डावी बाजू गेली. घड्याळाचा हात त्याच बाजूचा.

आता रजा काढून मी त्याला अंगणात धरून चालवतो. परवा तुळशीपाशी दम खायला थांबलो, तेव्हा आता माझ्या मनगटावर असलेल्या त्या घड्याळाकडे बघत त्यानं जड जिभेनं विचारलं,

"एवढा म्हागाचा घड्याळ. तुका कायच सांगूक नाय?"

"नाय, दादा."



"मग फसवल्यानी रे तुका," तो म्हणाला, आणि चांगला हात माझ्या खांद्यावर टाकून त्यानं पुढचं पाऊल उचललं.