टेपवाल्या वहिनी आणि माझी दहा फ्रेमांची पेटी

टेपवाल्या वहिनींच्या गळ्यात मंगळसूत्राआधी टेप दिसायची. बिबवेवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर त्या ब्लाउज शिवायच्या आणि भाजीला, बँकेत, अगदी लग्नालासुद्धा जाताना ती टेप काढायला विसरायच्या. समोरच्या बाईचा दंड नुसत्या नजरेनं मोजून म्हणायच्या, "साडेअकरा. मागच्या दिवाळीला अकरा होता." असं कुणी बोलतं का हो? पण बायका हसायच्या आणि पुन्हा त्यांच्याकडेच कापड टाकायच्या. मीही.

त्यांनी गच्चीवर मधमाश्या पाळल्या आणि माझं दुखणं सुरू झालं. स्पष्टच सांगते, मी त्यांच्यावर जळायचे. आमचे हे गुडघ्यांचं निमित्त सांगून दूध आणायलाही खाली उतरत नसत, पण गच्ची मात्र रोज चढायचे. वर आणि मला येऊन सांगायचे, "अगं, काय शिस्त आहे त्यांच्या माश्यांची!" कुणाकडे पाहुणा आला की त्याला आधी वहिनींच्या माश्या दाखवायच्या. माझ्या पुरणपोळ्यांचं जन्मात एवढं कौतुक झालं नाही. मला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, वहिनींना माझा हेवा वाटावा.

मग सोसायटीच्या पाण्याच्या मीटरपाशी सातेरी माश्यांचं पोळं निघालं. सातेरी म्हणजे आपली इकडची, लहान चणीची माशी. वहिनी म्हणाल्या, "सुमनताई, हे तुम्ही पाळा. पेटी आठ फ्रेमांची आणा." फ्रेम म्हणजे पोळं बांधायची लाकडी चौकट. त्यांची आठाची, म्हणून मी दहाची आणली. तीही विलायती माशीची, चांगली उंच. खालच्या पेटीत राणी अंडी घालते, पिल्लं वाढतात; मध वर चढवलेल्या कोठीत. तिथे जागा जास्त तर माश्या जास्त, मध जास्त. मला वाटलं, यात काय कळायचंय!

वहिनींनी गळ्यातली टेप काढली, पेटीला आतून लावली, परत गळ्यात टाकली.

"पेटी आणलीत की मंगल कार्यालय?"

"वाढतील की त्या."

"वाढत्या अंगाची म्हणून पोरीला आईचा ब्लाउज घालता का? ओंजळभर माश्या. त्यांनी पिल्लांना ऊब द्यायची की कोपरे राखायचे?" मग जरा नरमून म्हणाल्या, "निदान आत एक फळी उभी करा. माश्या जेवढ्या फ्रेमांवर बसतात तेवढ्याच फळीच्या अलीकडे ठेवा. वाढल्या की फळी सरकवा."

फळी मी घातली नाही. त्यांचं ऐकलं असतं तर माझ्या माश्याही त्यांच्याच झाल्या असत्या.

फुलांच्या दिवसांत माझ्या माश्यांनी सहा फ्रेमांवर पोळी बांधली. मी हवेत! पावसात फुलं संपली, माश्या घटल्या, कशाबशा तीन फ्रेमांवर उरल्या. आणि श्रावणात एका दुपारी सगळ्या उडून गेल्या. मी तशीच वर गेले. वहिनींकडे दोन बायका मापं द्यायला बसल्या होत्या. त्यांच्यादेखत म्हणाले, "माझ्या माश्या तुम्हीच ओढून घेतल्यात ना?"

वहिनींनी मशीन थांबवलं, मला गच्चीवर नेलं आणि तिथल्या माझ्या पेटीतली कडेची फ्रेम उचलली. पोळ्यावर पांढरी जाळी, त्यात अळ्या वळवळत होत्या.

"मेणकिडा. इथवर राखण करायला माश्या पुरल्या नाहीत. कंटाळून गेल्या."

"मग आधी सांगायचंत!"

"फळी," वहिनी म्हणाल्या. एवढंच. खाली येऊन त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही, आमच्या यांच्यापाशीसुद्धा नाही. त्या चांगुलपणानं तर मी आणखीच जळले.

दिवाळीनंतर त्यांनी स्वतःची वसाहत फोडून मला निम्म्या माश्या दिल्या. पेटी आठ फ्रेमांची, आत फळी घालूनच. "आठवड्यातून एकदाच उघडायची. किती फ्रेमा माश्यांनी झाकल्यात ते मोजायचं. बाकी लुडबुड नाही."

पुढे त्यांना जिना चढवेना, तेव्हा त्या लेकीकडे येरवड्याला गेल्या. आपल्या दोन्ही पेट्या कात्रजच्या एका रोपवाटिकावाल्याला देऊन टाकल्या. मला इतका राग आला! "मी मेले होते का?" असं विचारलंसुद्धा.

"तुम्हाला तुमच्या आहेत की. माझ्या ठेवून घेतल्यात तर लोक त्यांना जन्मभर माझ्याच म्हणतील. ते तुम्हाला सोसेल का?"

म्हणजे बाईला सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "किती?" मी ठोकून द्यायचे, "सात!" असायच्या पाच. पलीकडून यायचं, "बरं. पण पाचवर मधाची कोठी चढवू नका हं, सुमनताई."

गेल्या मार्गशीर्षात वहिनी गेल्या. दोन दिवस आजारी होत्या म्हणे, मला कळलंच नाही.

यंदा फाल्गुनात पेटी उघडली तर सात फ्रेमा झाकलेल्या. खरोखरच्या सात. मी दोनदा मोजल्या. आमचे हे मागे उभे होते. म्हणाले, "अगं, तुझ्या माश्या तर वहिनींच्या माश्यांपेक्षाही जोरात आहेत!"

मी झाकण लावलं आणि म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"