स्कूलव्हॅनची चावी

शेलारच्या गॅरेजमधला आमचा मिस्त्री गाडीला हळुवार हात लावतो आणि मालकावर खेकसतो. परवा एका स्कूलव्हॅनचा, जुन्यापाठोपाठ, धूर साफ करणारा नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही चोंदला. मिस्त्रीने तो कापला आणि आतली वितळलेली जाळी व्हॅनवाल्यापुढे आपटली.

“प्लग मिस मारतोय. न जळलेलं पेट्रोल इथं येऊन पेटतं. मागच्या टायमालाच बोललो होतो, प्लगची कॉइल बदल.”

“जाऊ दे, त्याच्या जागी साधा पाइप जोड.”

“आणि धूर पोरांनी खायचा?”

व्हॅनवाला शिव्या देत चावीकडे झेपावला. मिस्त्रीने ती आधीच खिशात घातली. “पोरांना आज रिक्षाने ने.”

“पोलिसांना घेऊन येतो,” म्हणत तो गेला.

“आण,” म्हणून मिस्त्रीने बॉनेट उघडलं. हळुवार हाताने तो जुनी कॉइल काढू लागला, टॉर्च मी धरला.