घरगुती कारण

पहिली नोकरी सोडताना मी अगदी सभ्यपणे खोटं बोलले आणि त्यात सासूबाईंना पुढे केलं. एवढी शहाणी होते मी! आज नात समोर बसून राजीनामा लिहिते आहे. ‘घरगुती कारणास्तव’ असं लिहिते, खोडते, पुन्हा तेच लिहिते. फोनवर अडखळणारा तिचा अंगठा पाहून मला माझा राजीनामा आठवला.

आमच्या पतपेढीतले साहेब दिवसभर अंगावर खेकसत. ते तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी पदर सावरत म्हणाले, “सासूबाईंना माझं नोकरी करणं आवडत नाही.” तेव्हा या कारणावर कुणी शंका घेत नसे. साहेब मात्र सासूबाईंची समजूत काढायला थेट घरी आले. सून पतपेढीत आहे म्हणून गल्लीभर मिरवणाऱ्या सासूबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग चहा पुढे करत साहेबांना म्हणाल्या, “नाहीच आवडत मला.”

कुणाला न दुखवता निघायचं, तर दुखवायला आपण घरातलंच माणूस का निवडतो, ते मला अजून कळलेलं नाही.

साहेब गेल्यावर त्या म्हणाल्या, “मला वाईट ठरवायचं होतं तर आधी सांगायचंस गं. निदान चहा तरी दिला नसता.”