सातवी स्क्रीन

चौथ्या क्रमांकाची मुलगी आत आली, तिने खुर्चीच्या पाठीला दप्तर अडकवलं आणि समोरच्या आरशात पाहून कपाळावरची बट मागे सारली, तेव्हा आरशाच्या पलीकडे अंधारात बसलेल्या तिच्या आईच्या काळजात धस्स झालं.

आई तिथे कामावर होती आणि लेकीला त्याचा पत्ता नव्हता. तरुण मुलांसाठी मोबाईलवरचं अ‍ॅप तयार करायचं, ते बाजारात आणण्याआधी सहा-सात अनोळखी मुलांना भाड्याच्या जागेत बोलावून त्यांच्या हातात द्यायचं आणि ती कुठे हसतात, कुठे अडतात, कुठे कंटाळतात हे काचेआडून पाहायचं, अशी या व्यवसायाची रीत आहे. मुलं जमवायचं काम दुसऱ्याच एका संस्थेकडे असतं. ती कॉलेजांच्या फलकांवर सूचना लावते: वय अठरा ते वीस, वेळ दीड तास, बदल्यात इयरफोन. अ‍ॅप कोणाचं आहे हे मुलांना सांगत नाहीत आणि मुलांची नावं कंपनीला कळवत नाहीत, फक्त क्रमांक. या मुलीला अठरा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते, म्हणून संमतीपत्रावर आईची सही लागली नव्हती. सकाळी ती घरात "मैत्रिणीकडे जातेय" एवढंच म्हणाली होती.

घरी तिला मुंगी म्हणत. लहानपणी ती सापडेल ती वस्तू उचलून आपल्या कोपऱ्यात नेऊन ठेवी, त्यावरून.

आईला ऑफिसात तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'मावशी'. अ‍ॅपची चित्रं एक जण काढी, बटणं दुसरा बसवी, आणि स्क्रीनवर दिसणारं प्रत्येक वाक्य ती लिही. वय एकोणपन्नास. टीममधला वयाने तिच्याखालोखालचा माणूस एकतीस वर्षांचा होता, आणि तोच साहेब होता. सगळे त्याला कॅप्टन म्हणत. तिने पहिल्या महिन्यात लिहिलेलं वाक्य होतं, "अभिनंदन! आपली नोंदणी यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे." कॅप्टनने ते भर बैठकीत मोठ्याने वाचलं होतं.

"मॅडम, हे वाचून पोरं उभी राहून राष्ट्रगीत म्हणतील."

सगळे हसले. तीही हसली. त्याच महिन्यात चित्रं काढणाऱ्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला 'तुमची शैली आता आपल्या वाचकाला भिडत नाही' असं गोड शब्दांत सांगून निरोप दिला गेला. घरात कमावणारी ती एकटी होती. भीती तिथे सुरू झाली, आणि वहीसुद्धा.

पुढे तिने स्वतःची समजूत घातली होती, की लेकीच्या काळजीपोटी ती वही लिहू लागली. वहीची पहिली पानं तसं सांगत नाहीत. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या वहीत पहिल्या दिवसापासून चार रकाने आखलेले आहेत: तारीख, प्रसंग, वाक्य आणि 'वापरलं'. काळजी करणारी आई चौथा रकाना आखत नाही. मुंगी खोलीचं दार लावून मैत्रिणीशी फोनवर बोले आणि दाराबाहेरच्या बोळात आई इस्त्री करीत उभी राही. वही सुरू झाल्यापासूनच्या दीड वर्षात त्या घरातले कपडे कधी नव्हे इतके कडक इस्त्रीचे होते. भिंतीला कान असतात म्हणतात. इथे भिंतीला पेन्सिलही होती.

वाक्यं अ‍ॅपमध्ये जाऊ लागली आणि कॅप्टनचा सूर बदलला. "मॅडम, तुम्हाला हे सुचतं कुठून? आतून अजून अठराच्या आहात तुम्ही!" यावर ती नुसती हसे. मनात मात्र दर वेळी एकच भीती: मुंगीला कळलं तर? नोकरी गेली तर दुसरी शोधता येईल, पण या पोरीचा विश्वास एकदा गेला, तर तो कुठे शोधणार?

आता ती पोर काचेपलीकडे चार हातांवर बसली होती.

निरीक्षण-खोलीचे नियम दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले होते. बोलू नये. काही सांगायचं झाल्यास चिठ्ठी लिहावी. दिवा कोणत्याही परिस्थितीत लावू नये. काच अशी होती, की उजेडातल्या माणसाला तो आरसा वाटे आणि अंधारातल्या माणसाला खिडकी. अंधार होता तोवरच खिडकी. म्हणून दिव्याच्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती.

खोलीत ती, कॅप्टन आणि चित्रं काढणारा नवा मुलगा, असे तिघे होते. पलीकडे मुंगीसमोर प्रश्न विचारणारी बाई बसली होती, आरशाकडे पाठ करून.

"हे बघ, इथे चूक-बरोबर काही नाही," ती म्हणाली. "स्क्रीनवर दिसेल ते मोठ्याने वाचायचं आणि मनात येईल ते बोलायचं. शिवीसुद्धा चालेल."

"खरंच चालेल?" मुंगी म्हणाली. "मग इयरफोन आधी द्या. नंतर चिडाल."

कॅप्टन अंधारात तोंडावर हात ठेवून हसला. त्याने चिठ्ठीवर लिहिलं, 'भारी आहे ही!' आणि ती आईकडे सरकवली. एकूण सात स्क्रीन होत्या. त्यांपैकी तीन स्क्रीनवरची वाक्यं वहीतली होती: चौथी, पाचवी आणि सातवी.

अ‍ॅप म्हणजे मोबाईलमधली रोजनिशी होती. पहिली स्क्रीन आली. मुंगीने वाचलं, "तुझं ते तुझंच. इथून बाहेर जाणार नाही." आणि ती म्हणाली, "सगळेच असं म्हणतात हो."

दुसरी गेली. तिसरीने विचारलं, 'तुला काय हाक मारू?' तिने 'मुंगी' असं लिहिलं. आईने डोळे मिटून घेतले.

"डोक्याचा पार भुगा झालाय? बस जरा, बोलू नकोस," मुंगीने चौथी वाचली आणि खळखळून हसली. "अरे! हे तर मीच म्हणते. अगदी असंच. आईला म्हणते मी."

कॅप्टनने आईकडे पाहून अंगठा वर केला.

पाचवी. "आज 'ठीक आहे' म्हणायची सुट्टी." या वेळी मुंगी हसली नाही. तिने मोबाईल थोडा जवळ धरला.

"काय वाटतंय?" बाईने विचारलं.

"हे मी म्हटलंय कुणाला तरी."

"तुमच्या वयाची मुलं अशीच बोलतात ना. आमच्या लोकांनी बराच अभ्यास केलाय."

"कुणाचा?" मुंगी म्हणाली.

बाई कागदावर काहीतरी लिहू लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आईला वाटू लागलं, की आपल्या छातीतली धडधड काचेपलीकडे ऐकू जात असणार. तिने चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, 'सात दाखवू नका.' कॅप्टनने मोबाईल गुडघ्यांत लपवून त्याच्या प्रकाशात चिठ्ठी वाचली, कपाळाला आठ्या घातल्या आणि खाली लिहिलं, 'का? तेच तर आपलं हुकमाचं पान!'

त्या 'का'चं उत्तर चिठ्ठीवर मावणारं नव्हतं.

सातवी स्क्रीन तीन दिवस रोजनिशी न उघडणाऱ्यासाठी होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'कुणी शोधावंसं वाटतं, पण सापडावंसं वाटत नाही. चालेल. आम्ही नुसती हाक मारून जातो.' शेवटची दोन वाक्यं आईची होती. पहिलं मुंगीचं होतं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तिच्या मैत्रिणींनी तिला वाळीत टाकलं होतं, चार दिवस ती धड जेवली नव्हती, आणि एका संध्याकाळी दाराआड, फोनवर, रडून बसलेल्या आवाजात तिने हे म्हटलं होतं. आईचा हात तेव्हा दाराच्या कडीवर गेला होता. मग तो हात कडीवरून निघाला आणि वही काढायला गेला. त्या नोंदीसमोर चौथ्या रकान्यात बरोबरची खूण आहे.

सहाव्या स्क्रीनवर नुसते रंग निवडायचे होते. मुंगी रंग निवडत होती, हिरवा, मग राखाडी, मग पुन्हा हिरवा. पण तिची नजर दर दोन रंगांनंतर आरशाकडे जात होती. बट सारखी करायला नव्हे. आरशात कुणी राहत असेल का, अशा नजरेने.

"झालं? मग शेवटची बघू," बाई म्हणाली आणि तिने बोट पुढे नेलं.

आई उठली. खुर्ची करकरली. कॅप्टन 'शूऽ' करेपर्यंत ती दारापाशी पोचली होती. चिकटपट्टी नखाने निघेना. नखं तिने या चाचणीच्या धास्तीने आठवडाभर कुरतडलेली होती. तिने ती दातांनी ओढली आणि बटण दाबलं.

खिडकी उलटली. गोदामात अचानक दिवा लागल्यावर घुशी दिसाव्यात तसे तिघे जण दिसू लागले: एक मुलगा वाकून, एक साहेब मोबाईल गुडघ्यांत धरून, आणि तोंडात चिकटपट्टीचा तुकडा असलेली एक बाई.

मुंगी खुर्चीतून अर्धी उठली. "आई?"

मधलं दार उघडून आई आत गेली. प्रश्न विचारणारी बाई उभी राहून म्हणत होती, "अहो, असं चालत नाही, सत्र सुरू आहे." भिंतीवरचा कॅमेरा चालू होता, त्यामुळे पुढचं सगळं नोंदलं गेलं आहे.

"तू इथे काय करतेस?"

"हे आमचं आहे. यातलं मी लिहिलंय."

"चार नंबरचं?"

"तुझं आहे."

"आणि पाच? ते मी तुला नव्हते म्हटले. कधीच नाही." मुंगीचा आवाज खाली आला. "तुला कसं कळलं?"

"दाराबाहेरून."

"इस्त्री करताना?"

आईने मान हलवली. दीड वर्षाच्या कडक घड्या त्या पोरीच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात, कारण तिने नकळत स्वतःची बाही चोळली.

"सातव्यात काय आहे?"

"नको बघूस. म्हणून तर दिवा लावला. पाया पडते, नको बघूस."

"दाखवा," मुंगी बाईला म्हणाली. आईकडे तिने पाहिलं नाही.

सातवी स्क्रीन आली. मोठ्याने वाचायचा नियम होता. तिने वाचलं नाही. तिचे ओठ मात्र हलत होते. नंतर ध्वनिमुद्रणात तिचा आवाज येतो, अगदी साधा.

"अजून किती आहेत?"

"वही आहे."

"वही?" आणि मग, "किती पानं?"

"एकशे बारा."

कॅप्टन दारात येऊन उभा होता. "हे बघा, आपण शांतपणे... मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुम्ही शाबासकी देत होतात का हो तिला?" मुंगीने विचारलं. "प्रत्येक वेळी?"

त्या दिवशीच्या अहवालात कॅप्टनने लिहिलं, 'सहभागी ४: सत्र अपूर्ण. कारण: दिव्यात बिघाड.' कागदावर एवढंच आहे. दोघी निघाल्या तेव्हा तो आईला म्हणाला, "वाक्यं तिन्ही काढतो. तुमचं काय ते सोमवारी बघू." सोमवार तिला त्या क्षणी फार लांबचा आणि किरकोळ वाटला.

बसमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या नाहीत. घरी आल्यावर आईने इस्त्रीच्या टेबलाचा खण उघडला, जुन्या चादरींखालून वही काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. मुंगीने ती घेतली, खोलीत गेली, आणि दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर आईला बरं वाटलं असतं.

ती बोळात उभी राहिली. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. एक. मग बऱ्याच वेळाने दुसरं. मग भराभर तीन-चार. कोणत्या पानावर काय आहे हे तिला पाठ होतं. आवाज थांबला तेव्हा तिला कळलं, की पान कोणतं लागलंय.

"आई." दाराआडून.

"काय गं?"

"म्हणजे आत्ता पण तिथेच आहेस."

तिने ओठ चावला. "हो."

"इथे तारीख लिहिलीयस. त्या संध्याकाळी तू बाहेर होतीस?"

"होते."

"मी रडत होते."

"ऐकलं मी."

"मग आत का नाही आलीस?"

याला बरीच उत्तरं तयार होती. नोकरी, घर, ज्येष्ठ चित्रकाराची रिकामी खुर्ची. त्यांतलं एकही तिने उचललं नाही.

"भ्याले," ती म्हणाली. "आत येऊन तुला काय बोलायचं ते सुचत नव्हतं. लिहून घेणं सोपं वाटलं."

मग आईने त्या घरात आजवर न केलेली गोष्ट केली: दारावर बोटांनी दोनदा टकटक केलं.

"थांब," मुंगी म्हणाली. "अजून चाळीस पानं आहेत. आणि इथे उभी राहू नकोस."

आई बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेली, जिथून पानांचा आवाज येत नाही अशा जागी, आणि जमिनीवर बसली. दार तिथून दिसत होतं, पण ऐकू काहीच येत नव्हतं. आत काय चाललंय ते दीड वर्षांत पहिल्यांदाच तिला ठाऊक नव्हतं. तिने हात गुडघ्यांभोवती घट्ट धरले, आणि ती थांबली.