बंद ठेवलेला भोंगा

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि अजून दुसऱ्याच वर्षात आहे. आई-बाबा दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे लावणी, करतात. त्यांना पेपर वाचून दाखवणं, एवढाच माझा वाचन-लेखनाशी घरातला संबंध. शिवाय जे सांगायचं आहे ते माझ्या एकट्याचं नाही. ज्यांचं ते खरं आहे ती माणसं लिहिणारी नाहीत, आणि मी लिहिलं नाही तर कुणीच लिहिणार नाही, असं वाटलं म्हणून बसलो. चुकलं तर समजून घ्यावं.

आमचं गाव आसगावच्या पुढे, तलावाच्या पाळीला लागून. आमच्या वस्तीत भंते क्वचित येतात. त्यामुळे नामकरण, लग्न, गृहप्रवेश, माणूस गेल्यावरचं पुण्यानुमोदन हे सगळे विधी गावातलाच एखादा माणूस पांढरे कपडे घालून करतो. त्याला बौद्धाचार्य म्हणतात. गेल्या वर्षापासून हे काम माझ्याकडे आलं. भंडाऱ्याच्या शिबिरात शिकलो खरा, पण पंचशील म्हणताना समोर माझ्या आजीच्या वयाच्या बाया हात जोडून बसल्या की अजूनही माझा आवाज कापतो. त्यांना मी काय शील द्यावं?

माझ्याआधी हे काम एक म्हातारे गृहस्थ करायचे. सगळी वस्ती त्यांना आबाजी म्हणायची, मीही. माझ्या आई-बाबांचं लग्न त्यांनीच लावलेलं, माझं नामकरणही त्यांनीच केलेलं. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण आबाजी मात्र तिकडच्या गावांना अजूनही आपल्याच जिल्ह्यातली म्हणत, कारण तिथेही त्यांनी लग्नं लावली होती. मग त्यांच्या घशाला दुखणं लागलं. आवाज गेला, राहिली ती नुसती फुसफुस. मला बोलावून म्हणाले होते, "तुहा गळा बरा आहे, बाबू. माहा खर्र्यानं, तंबाखूनं खाल्ला. तू खाशील तर विहारात पाय ठेवू देनार नाई."

पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी बुद्धचरित्राचं ग्रंथवाचन चालतं. त्याला वर्षावास म्हणतात. वाचणारा माईकसमोर बसतो आणि विहारावरच्या भोंग्यातून आवाज सगळ्या वस्तीत जातो. ज्यांना येता येत नाही, त्या बाळंतिणी, म्हातारे, आजारी घरूनच ऐकतात. आबाजींनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. "वाक्य सरलं का थांबत जाय. आवाज तलावापल्याड जाते, मंग वापस येते. तो येईपर्यंत दुसरं वाक्य काढू नोको. नाईतर आयकनाऱ्याच्या कानात खिचडी होते."

माझ्या त्या पहिल्याच वर्षी वाचन संपत आलं होतं आणि माझ्यामागे एकदम कामं लागली. कोंढ्याला नामकरण होतं. तिथे बाळाच्या दोन मावश्या नावावरून भांडल्या आणि बाळ रडत माझ्याच मांडीवर राहिलं. वस्तीत एका नवीन घराचा गृहप्रवेश होता. कॉलेजात चाचणी होती, तीत मी काय लिहिलं ते आठवत नाही. बाहेर हलकं धान पिवळं पडत होतं, विळ्यांना धार लागत होती आणि लोक म्हणत होते, वाचन लवकर उरका, कापणी लागली की कोण बसणार? या धावपळीत मला बरं वाटायला हवं होतं. लोक बोलावतात म्हणजे मानतात. पण रात्री अंग टाकलं की वाटायचं, मी दिवसभर लोकांना धीर दिला तो कुठून आणून दिला? माझ्याकडे तर तो नव्हता.

एका संध्याकाळी वाचन झाल्यावर आबाजींची मुलगी थांबली. मी तिला आत्या म्हणतो. बापाचं दुखणं वाढल्यापासून ती सासर सोडून इथेच राहत होती. बाया सतरंज्या गुंडाळत होत्या. विहार कमिटीचे अध्यक्ष माईकची वायर गुंडाळत होते. ते एसटीतले निवृत्त वाहक, आणि अजूनही विहारात गर्दी झाली की "चला, पुढे सरका" म्हणतात.

आत्या त्यांना म्हणाली, "काकाजी, उद्यापासून भोंगा नोका लावू."

"काहून व बाई?"

"आता पुढे भगवंत जातात ते येते. बाबा खाटेवर पडल्या पडल्या सारं आयकत राहते."

एक म्हातारी लगेच म्हणाली, "हाव, खरं आहे. मागे तो भाग लागला आन् पल्याडच्या गल्लीतली बुढी त्याच दिवशी गेली."

अध्यक्ष म्हणाले, "असं मानतो का आपन? सारं सोडलं ना आपल्या बापजाद्यानं? देव सोडले, अंगारे सोडले, आन् तू मले हे सांगून राहिली?"

"सोडलं ना," आत्या म्हणाली. "मी नाई मानत, काकाजी. पन भेव लागते."

  शिबिरात अंधश्रद्धेवर मी चांगलं भाषण केलं होतं. त्यातलं एक वाक्य मला तेव्हा आठवलं आणि त्याची लाज वाटली. अध्यक्षांनी वायर खिशात घालावी तशी घट्ट गुंडाळली आणि म्हणाले, "बरं. मशीन बिघडली म्हनून सांग बापाले."

दुसऱ्या दिवशीपासून मी भोंग्याशिवाय वाचू लागलो. चार भिंतींत आवाज लगेच संपायचा, तरी सवयीनं मी वाक्यानंतर थांबायचो. परत येणारं काही नव्हतं.

आबाजींना भेटायला गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. गळ्यावर पांढरा पंचा गुंडाळलेला. मला जवळ बोलावलं, कारण लांबून त्यांचं ऐकू येत नसे.

"मशीन बिघडली मनते पोरगी. खोलून पाह्यली का कोनी?"

मी म्हणालो, "पाहून राहिले, आबाजी."

"कोन? अध्यक्ष? तो तिकिटाच्या मशीनले थापडा मारून चालवे." त्यांचे खांदे हलले. ते हसत होते, आवाज नव्हता. मग माझ्या मनगटाला हात लावून म्हणाले, "खरं सांग. काहून बंद आहे?"

मी दाराकडे पाहिलं. आत्या बाहेर तांदूळ निवडत होती. मी खरं सांगितलं.

मला वाटलं ते चिडतील. ते पंच्याचं टोक चोळत बसले. मग म्हणाले, "पोट्टी भेते. तिची माय गेली तेव्हा पन अशीच करे. दिवा विझू नोको देऊ मने." पुढे म्हणाले, "मी किती जनाइचं पुण्यानुमोदन केलं, बाबू. मले त्या भागात काय नवीन आहे? पन एक सांगू? दरसाल तो भाग मीच वाचला. वाचनाऱ्याले आयकू येत नाई. त्याचं ध्यान सारं ओळीवर राहते. एक डाव मले आयकाचा होता. कोनीतरी वाचते आन् मी नुसता पडून आयकतो, असा."

बाहेर आलो तर आत्यानं सूप खाली ठेवलं. "सांगतलं ना त्याले?"

"आबाजीनं विचारलं, आत्या."

"खरं बोलाचं शील तुलेच लागू आहे वाटते. आमाले माया करू नोका असं कोन्त्या शिलात आहे?"

मी तिच्यासमोर बसलो. मग म्हणालो, "भोंगा नाई लावत. मी इथेच, खाटेजवळ बसून वाचतो. हळू. गल्लीत कोनाले आयकू पन येनार नाई."

तिनं तांदळातला खडा काढून लांब फेकला. मग म्हणाली, "दिवसा ये. तू जवळ राहशीन तर चालन."

पण त्याआधी मला नाकाडोंगरीला जायचं होतं. आमच्या गावची एक मुलगी तिथे दिलेली. तिचा नवरा खाणीत कामाला होता, तो वारला होता आणि त्याच्या पुण्यानुमोदनाला मलाच ये म्हणून निरोप होता. मी आत्याला म्हणालो, परत आलो की सरळ इकडेच येतो. आबाजींना आतून ते कळलं असावं. त्यांनी दाराकडे हात हलवला.

नाकाडोंगरीचं फार लिहीत नाही. तिथली मुलगी माझ्याहून थोडीच मोठी होती. विधी चालू असताना ती माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होती. जणू त्यात पुढे काय करायचं ते लिहिलेलं असेल आणि मी ते वाचून दाखवीन. मी अनित्यतेबद्दल बोललो, जसं शिकवलं आहे तसं. सगळं अनित्य आहे हे खरंच आहे, पण ते तिला माझ्याकडून ऐकायची काय गरज होती? विधी झाल्यावर शेजारच्या घरानं, बौद्धाचार्य आलेच आहेत तर आमच्याकडेही वंदना घ्या म्हणून धरलं. नाही म्हणता येईना. तुमसरची गाडी निघून गेली. रात्री तिथेच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी भंडारा करत दुपारी गावात पोचलो.

पाळीवरून येताना ग्रंथ पिशवीत होता. कुठून सुरुवात करायची तेही मनात ठरवलं होतं.

आबाजींच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, "पहाटेच नेलं नागपूरले. दम लागे त्याले. आत्यानं चप्पल पन नाई घातली."

मी तिथेच ओट्यावर बसलो. आत खाट असेल, भिंतीवर त्यांच्या डोक्याचा तेलकट डाग असेल. मला असंही वाटलं की ओट्यावर बसूनच वाचावं, पण कुणाला?

पुढचे दिवस मी विहारात वाचत राहिलो. भगवंत जातात तो शेवटचा भाग मी पौर्णिमेसाठी ठेवला होता. नागपूरहून जो येई तो वेगळं सांगे. एक म्हणाला नळी लावली, दुसरा म्हणाला सुधारून राहिले, उठून बसले. आत्याचा फोन लागत नव्हता, लागला तर ती उचलत नव्हती. मी 'उठून बसले' तेवढंच धरून ठेवलं. अभ्यास होत नव्हता. कॉलेजात एका सरांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, वाचन चालू आहे सर. त्यांना काय कळलं असेल कोण जाणे.

पौर्णिमेला सकाळपासून खिरीची तयारी होती. विहारामागे मोठं गंज चुलीवर चढलं. पांढऱ्या साड्या नेसून बाया आल्या, लेकरं पताका लावत होती. दुपारनंतर मी आलो तर अध्यक्ष शिडीवर चढून भोंगा पुसत होते, स्वतःच्या दुपट्ट्यानं. वायर जोडलेली होती.

"काकाजी, भोंगा? आत्या हो म्हणाली?"

ते खाली न बघता म्हणाले, "हो. तिचाच फोन आला होता. तू वाच."

मला इतका आनंद झाला की पुढचं काही विचारलंच नाही. आत्यानं हो म्हटलं म्हणजे तिचं भय गेलं असणार, आणि भय गेलं म्हणजे आबाजी बरे असणार. असा मी हिशेब लावला. ते घरी येतील, मग खाटेजवळ पुन्हा एकदा वाचू, भोंगा लावून आणि न लावून दोन्ही प्रकारे, असंही ठरवून टाकलं.

संध्याकाळी वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. मी वाचायला बसलो. पहिलं वाक्य भोंग्यातून गेलं आणि मी थांबलो. तलावाच्या पलीकडून ते परत आलं, थोडं उशिरा, थोडं म्हाताऱ्या आवाजात. मी प्रत्येक वाक्याला तसाच थांबलो. इतकं सावकाश मी कधी वाचलं नव्हतं. भगवंत आडवे होतात, शिष्य रडतात, ते त्यांना समजावतात, तिथे आल्यावर बायांपैकी काही जणींनी पदर तोंडाला लावला. माझा आवाज कापला नाही. माझं ध्यान ओळीवर होतं. आबाजी म्हणाले होते तेच खरं, वाचणाऱ्याला ऐकू येत नाही.

ग्रंथ मिटला, कपाळाला लावला. लोक खिरीसाठी उठू लागले. मी अध्यक्षांकडे पाहिलं, ते आता "पुढे सरका" म्हणतील म्हणून. ते म्हणाले नाहीत. माईक बंद करून ते माझ्याजवळ येऊन खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी खाली बसत नाहीत.

"आबाजी दुपारीच गेले, बाबू. सकाळी आनतीन इकडे."

मी ग्रंथाकडे बघत राहिलो.

ते म्हणाले, "मी तुले आधी सांगनार होतो, पन पोरगीच नोको मने, त्याचं वाचन नोको अडवू. फोनवर रडत नोती. मने, आता कायचं भेव, काकाजी? भोंगा लावा. मोठ्यानं लावा."