बंद हेडफोनमधली हाक

भूत, अंगात येणं, बाहेरचं लागणं यातलं मी कधीच काही मानलं नाही. नारायणगडाला जाते, हात जोडते, तेवढंच. कुणी म्हणालं, अमक्या विहिरीवर बाई दिसते, तर मी म्हणायची, विहिरीत पाणी दिसू दे आधी. आता माझ्यावरच सांगायची वेळ आली आहे. तोंडानं सांगायला मला जमत नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, पहिल्यापासूनच. म्हणून रेखाच्या जुन्या वहीत लिहिते आहे. ती मोबाईलवर लोकांचे असे अनुभव वाचते. म्हणाली, आई, तू पण लिही. पाठवायचं का नाही ते नंतर बघू.

रेखा माझी मुलगी. पुण्यात गाण्याच्या सामानाच्या दुकानात कामाला आहे. दुष्काळाच्या त्या वर्षी संक्रांतीला आली तेव्हा पिशवीत दोन हेडफोन घेऊन आली. म्हणाली, "एक ठेव, दुसरा दुकानात परत नेते. हा उघडा हाय. मागं जाळी हाय बघ, आवाज बाहेर जातो अन् बाहेरचा आत येतो. हा बंद. ह्यात तू अन् गाणं, बाकी कुणी न्हाई."

माझ्या मोबाईलमध्ये ऐकण्यासारखं एकच होतं. माझी थोरली बहीण, अक्का. आम्ही दोघी सतरा वर्षं ऊसतोडीला बरोबर गेलो. उसाच्या फडात वाळलेलं पाचट काढताना ती गाणी म्हणायची, ती रेखानं एकदा भरून घेतली होती. पुढं अक्का काविळीनं गेली. गाणी राहिली.

मी दोन्ही लावून बघितले. उघड्यात अक्का अंगणात बसून गातेय असं वाटलं... शेळी ओरडली तीसुद्धा त्या गाण्यात शोभली. बंदमध्ये अक्का डोक्यात शिरून बसली, अंगण गेलं. कानाला उघडाच बरा होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मी बंद ठेवला. का, तर अक्का गाण्यात सासऱ्याला शिव्या घालायची, आणि शेजारच्यांनी ऐकलं तर काय म्हणतील. माझा लाजरेपणा, दुसरं काही नाही.

माघात आमच्या नेकनूरकडच्या एका संस्थेनं चारा छावणी उघडली. आमचे मालक, रेखाचे वडील, ट्रॅक्टरवर कारखान्याला गेलेले, म्हणून दोन बैल आणि गाय घेऊन मीच छावणीत राहिले. शेजारच्या दावणीला गयामावशी होती, आमच्याच जुन्या टोळीतली. तिचा मुलगा-सून तोडीला गेलेले, म्हैस तिच्याजवळ. दिवसभर आम्ही उसाचे वाढे, शेंड्याचा हिरवा पाला, बारीक करायचो. मावशीची जीभ तिखट. मी हेडफोन लावला की म्हणायची, "लाव बाई तुझी खोगीरं. बैल बी एवढी झापडं लावून घेत न्हाई."

एकदा म्हणाली, "मला बी ऐकव की तुझी अक्का."

मी नुसती हसले. शिव्यांची लाज वाटली.

छावणीत रोज दहाच्या सुमारास टँकर यायचा आणि हौदापर्यंत मागं मागं जायचा. जागा अरुंद, दोन्ही बाजूंनी जनावरं, बायका, पोरं. म्हणून भिवादादा नावाचा माणूस टँकरच्या मागं चालायचा, पत्र्यावर थाप मारत, "येऊ दे, येऊ दे... बस." त्या दिवशी संस्थेच्या चेअरमनकडं पाहुणे येणार होते. भिवादादाला खुर्च्या लावायला बोलावून घेतलं. टँकरच्या मागं कुणी नव्हतं, पत्र्यावर थाप नव्हती.

टँकर यायच्या बाजूला पाठ करून मी बसले होते. मावशी माझ्या उजव्या हाताला, तशीच पाठमोरी. कानावर हेडफोन, अक्काचं दुसरं गाणं चालू. त्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये अक्का दम घेते, नुसतं पाचट वाजतं. शंभर वेळा ऐकलेलं. त्या रिकाम्या जागेत अक्का हळूच म्हणाली—

"कडंला हो, सरे."

मला सरे म्हणणारी अक्का एकटीच. छावणीत मी रेखाची आई.

हे बोलणं फडातलं आहे. डोक्यावर मोळी असली की मान वळवता येत नाही. मागून ट्रॅक्टर आला तर मागची बाई पुढचीला असं हळू सांगते. ओरडायचं नाही, दचकून मोळी पडते. आणि पुढचीनं विचारायचं नाही, वळून बघायचं नाही, डावीकडं सरायचं. सतरा वर्षांची सवय. मी उठले आणि दोन पावलं डावीकडं गेले. विचार केलाच नाही. मावशीला एक शब्द बोलले नाही. तिला हात लावला असता तरी...

मग जमीन हादरली. मी बसले होते तिथं टँकरचं मागचं चाक होतं. मावशीचा पाय त्याच्याखाली होता.

पहिल्यांदा चेअरमन आले ते माझ्यावरच ओरडत. "कानाला डबडी लावून वाटंत बसता व्हय? डायवरनं काय उडून जायचं?" ती वाट नव्हतीच, ती आमची दावण होती. दुपारी कुणीतरी विचारलं, तू कशी गं वाचलीस? आणि माझ्या तोंडून गेलं की अक्कानं हाक मारली. झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या छावणीत तेच. बायका हेडफोन कानाला लावून बघायला आल्या. चेअरमनचा आवाजच बदलला. "वैनी, ही देवीची कृपा हाय. हितं फोटो लावू, तुमच्या हातानं नारळ फोडू." तोवर मावशीला बीडच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि छावणीत एक माणूस तिचं नाव काढत नव्हता. मला फार संताप आला.

तिसऱ्या दिवशी सचिव कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला. "अंगठा करा, हजेरीचा कागद हाय." मी चौथी शिकले आहे. सावकाश वाचते, पण वाचते. त्यात लिहिलं होतं की दोन बायका कानाला यंत्र लावून बसल्या होत्या, म्हणून त्यांना टँकर ऐकू आला नाही.

मी विचारलं, "मावशीच्या कानाला काय होतं?"

तो म्हणाला, "तुमाला काय करायचंय? तुमी वाचला ना?"

"मावशीच्या कानाला काय होतं?"

"बघा बरं का. चारा ह्याच छावणीत मिळतो."

अंगठा न करताच कागद मी त्याच्याकडं सरकवला. दुसऱ्या दिवशी जनावरं सोडून घरी आणली. बैलांना काय घालायचं ते माहीत नव्हतं.

रेखा सुट्टी काढून आली. मला हेडफोन लावून गाणं चालू केलं आणि मागं उभी राहून ओरडली. एक शब्द आत आला नाही. ताट वाजवलं तेव्हा नुसतं धप् आलं. म्हणजे बाहेरून कुणी हाक मारली असती तरी मला ते शब्द कळले नसते. मग तिनं ते गाणं दहादा ऐकलं, दुकानातल्या जाणत्या माणसाला ऐकवलं. मध्ये पाचट वाजतं. दुसरं काही नाही.

मावशीला भेटायला गेले तेव्हा तिचा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. मी जवळ बसून दोन हेडफोनांपासून सगळं सांगितलं. इतकं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. तिनं ऐकून घेतलं. भूत का देव, काही विचारलं नाही.

म्हणाली, "तुला हाक आली अन् तू मला सांगितलं न्हाई व्हय गं?"

मी म्हणाले, "मावशी, मला वाटलं गाण्यातच हाय."

"ते जाळीचं घेतलं असतंस तर मला बी आली असती की."

ती चेष्टा करत होती का खरंच म्हणत होती, मला कळलं नाही. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं.

त्या दिवसापासून मला माझाच राग येतो. चार शिव्या लोकांनी ऐकू नयेत म्हणून मी अक्काला बंद करून ठेवलं. राग अक्काचाही येतो. सतरा वर्षं मावशीसुद्धा आमच्याच टोळीत मोळ्या वाहत होती, तिलाही हाक मारायची होतीस. आणि ज्यांचा सगळ्यात जास्त येतो ते मजेत आहेत. छावणीत देवीचा फोटो लागला, नारळ चेअरमननं स्वतः फोडला.

आवाज कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही. कुणी सांगेल असंही वाटत नाही. पण टँकरच्या मागं माणूस का नव्हता, हे समजायला भूत लागत नाही. ते मी तहसीलला दिलेल्या अर्जात लिहिलं. माझ्या हातानं, दोन दिवस बसून. मावशीच्या कानाला काही नव्हतं, तेही लिहिलं. हाकेचं मात्र त्यात एक अक्षर घातलं नाही. घातलं असतं तर साहेबांनी तेवढंच वाचलं असतं.